खंडेनवमीचा हार

मंजुळाबाईंचं घर रस्त्याच्या अलीकडे आणि गोठा पलीकडे. चाकणच्या कंपन्यांनी गावाची जमीन घेतली तेव्हा मधून हा रुंद रस्ता गेला, आणि काशी व तिची लेक या दोन म्हशी पलीकडे राहिल्या. पासष्टीच्या मंजुळाबाई रोज सकाळी तिकडे जाऊन धार काढत आणि म्हशी घेऊन ओढ्यावर जायला पुन्हा रस्ता ओलांडत.

"आये, एखादा कंटेनर उडवंल तुला. म्हशी विकून टाकू," मुलगा रोहिदास दर दोन दिवसांनी म्हणायचा. तो कंपनीत पहिल्या शिफ्टला होता, आईच्या काळजीनंच बोलायचा.

"इकल्यावर मी दिवसभर काय करू? तुझ्या टीव्हीला वैरण घालू?"

मग चौकात सिग्नल आला आणि खांबावर कॅमेरा बसला. लाल दिवा मोडला की घरी चलान. महिनाभरात टेम्पोवाले पट्ट्याच्या मागं शहाण्यासारखे थांबायला लागले. काशी तर पांढऱ्या पट्ट्यांवरून अशी चालायची, की रस्ता तिच्याच नावावर असावा. रोहिदासही विक्रीचं बोलेनासा झाला.

खंडेनवमीला सगळ्या कंपन्यांत यंत्रांना हळदकुंकू लागलं. मंजुळाबाईंनी विळा-खुरपं पुजलं आणि त्यांना वाटलं, आपल्यासाठी ऊन-पावसात राबणारं एक यंत्र चौकात उपाशी उभं आहे. फ्लेक्स लावणाऱ्या भैरूकडं लांब शिडी होती; झेंडूचा हार देऊन त्यांनी त्यालाच कॅमेऱ्याच्या खांबावर चढवलं.

"काकू, हार कसा घालू?"

"नवरदेवाला घालतात तसा. तोंडावरनं नीट सोड."

भैरूनं नीट सोडला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पहिल्या टेम्पोवाल्यानं वर पाहिलं आणि न थांबता गेला. त्याच्यामागून दुसरा. दुपारपर्यंत बातमी पार मोशीपर्यंत पोचली असावी, कारण लाल दिव्याला कुणी विचारीना. मंजुळाबाई अर्धा तास काठावर उभ्या राहिल्या. ओलांडताना एक पिकअप काशीच्या शिंगाला चाटून गेली.

रोहिदासला हे कळलं. "बघितलंस? चार दिवसांची नवलाई व्हती. रविवारी मी म्हशींचा व्यापारी बोलावतोय."

त्या रात्री मंजुळाबाईंच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वाहतूक पोलिसातली साधना चौकात आली. कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "हा हार कुणाचा?"

"माझा," मंजुळाबाई पुढं झाल्या. "चुकलं का काही?"

"मावशी, कंट्रोल रूममध्ये दोन दिवस नुसता झेंडू दिसतोय. साहेबांना वाटलं, मशीन बिघडलं." तिला हसू आवरेना. "पूजा करा, पण खांबाची. डोळ्याची नको."

मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे टेम्पोवाले बिघडले नव्हते, आपणच कॅमेऱ्याला आंधळं केलं होतं. भैरूनं शिडी लावून हार काढला आणि खांबाच्या बुडाशी बांधला. घरी मात्र त्या गप्प राहिल्या. हाराचं ऐकून रोहिदास चार दिवस हसला असता, आणि व्यापारी तरीही आलाच असता.

तो आला. रविवारी ओसरीवर बसून चहा फुंकत असतानाच रोहिदासच्या मोबाईलवर चलानचा मेसेज आला. त्यानं उघडला आणि त्यातला फोटो दोन बोटांनी मोठा केला.

व्यापाऱ्यानं मान लांब करून पाहिलं. शनिवारी सकाळचा फोटो होता. सिग्नल लाल. पट्ट्यांवर एक म्हातारी दोन म्हशी घेऊन चाललेली, वाऱ्यानं पदर उडालेला, आणि तिच्या पाठीला घासून निघालेली रोहिदासची मोटारसायकल. शिफ्ट चुकेल म्हणून तो निघाला होता. तिथं म्हशी होत्या, आई होती, हे त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

"राव, म्हशींनी सिग्नल पाळलाय," व्यापारी म्हणाला. "तुम्हीच तेवढा मोडलाय."

रोहिदासचे कान लाल झाले. "पाहुणं, चहा घ्या अन् निघा. म्हशी ऱ्हाऊ द्या हितंच." मग आईकडं न बघता म्हणाला, "गाडी माझीच सुधरायची हाय."

मंजुळाबाईंनी हात पुसत मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"काशी फोटोत झ्याक आलीया," त्या म्हणाल्या. "भैरूला इचार, ह्याचा फ्लेक्स हुतो का. गोठ्याला लावू."