बोनारिया मावशीची दोन बोटं

माझी मावशी बोनारिया दोन बोटांनी मेंढीचं दुखणं ओळखते. सार्डिनियातल्या आमच्या डोंगरात धारा काढणारे पुष्कळ आहेत, पण कासेला हात लावून "ही उद्या तापणार" असं आदल्या दिवशी सांगणारी एकच. मिशांना पीळ देणारे पुरुषही मेंढी विकत घ्यायची झाली की तिला मुकाट्याने बोलवायला यायचे. भाची म्हणून कौतुक करत नाही, कुणालाही विचारा.

त्याच उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. नव्वद मेंढ्या, दोन वेळच्या धारा, चाळीस वर्षं. मनगट तरी किती सोसणार? करंगळी तेवढी शाबूत, बाकी बोटं बधिर. घरातले कप एकेक करून फुटले. मावशी म्हणायची, "थंडी आहे." जुलैतही थंडीच होती!

मग जानेवारीत तिची काळतोंडी मेंढी गेली. कास दोन दिवस तापलेली होती आणि मावशीच्या बोटांना ते कळलंच नव्हतं. ती रडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "चल, डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाईंनी मनगटावर टिचक्या मारल्या, अंगठ्याखालचं झडलेलं मांस दाखवलं. मनगटातल्या जाड पट्ट्याखाली शीर चेपली होती. पट्टा कापला की शीर मोकळी.

"उन्हाळ्यात करू," मावशी म्हणाली, "मेंढ्यांचं दूध आटल्यावर."

"तोवर बोटं कायमची जातील. आत्ता केलं तरी सगळी जाण परत येईलच, अशी हमी मी देत नाही."

ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली, म्हणजे ऐन दुधाचे दिवस. आमच्याकडे कुणाचा कळप आगीत किंवा चोरीत गेला, तर घरटी एकेक मेंढी देतात. मावशीने आयुष्यभर दिल्या, घेतली एकही नाही. म्हणून शेजारचा तोतोनी आला, तेव्हा तिने त्याला मेंढ्यांच्या वाडग्याच्या दारातच अडवलं.

"माझा कळप जिवंत आहे. मेंढी नकोय मला."

"मेंढी कोण देतंय तुला? हात देतोय. सहा घरांनी धारांच्या पाळ्या लावल्यात."

"तुझा हात लागला तर माझ्या मेंढ्या दूध चोरतील."

"मग बरी हो लवकर, आणि सोडव त्यांना!"

ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत आटोपलं. हात तेवढा बधिर केलेला, मावशी टक्क जागी; सुरी कशी धरावी तेसुद्धा तिने सांगितलं म्हणे. टाके निघाले, ठणका गेला, पण बोटं गप्पच. ती रोज गरम कपाला बोट लावून बघायची आणि कप खाली ठेवायची.

एप्रिलमध्ये ती तोतोनीचे आभार मानायला गेली. आभार तिला कधीच जमले नाहीत. म्हणून ती त्याच्या लाडक्या, जत्रेत मिरवायच्या मेंढीपाशी बसली आणि कासेला हात लावून डोळे मिटले.

"डावीकडे गरम आहे."

"काहीतरीच! सकाळीच धार काढलीय मी."

"हात तुझे बधिर झालेत, तोतोनी. जनावरांच्या डॉक्टरला बोलाव."

कुरकुरत का होईना, त्याने बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुधात गुठळ्या आल्या, पण औषध आधीच पडलं होतं. मेंढी वाचली. तोतोनी आमच्या दारात टोपी काढून उभा राहिला, आणि अभिमानाने माझेच डोळे भरून आले.

मावशी मात्र स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघत होती. त्यालाही मुंग्या यायला लागल्या होत्या.

"याचीही तारीख घे," ती मला म्हणाली. "मेंढ्या आटेपर्यंत थांबायचं नाही. आणि तोतोनी, त्या सहा घरांना सांग, पाळ्या लावा म्हणावं."