रुजू होण्याआधीच मयत

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षं नोकरीला होते. कामगार भरती झाले की त्यांची पीएफला आणि दवाखान्याच्या विम्याला नोंद करणं हे माझं काम. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळं कागदाची मला कधी भीती वाटली नव्हती.

एका वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. कारखान्याच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायची, दमेकऱ्यासारखी. गावोगावच्या बायका कामाला येऊ लागल्या. देवगाव रंगारीहून अकरा जणी आल्या आणि शहरात एकत्र खोली घेऊन राहिल्या. मॅनेजर म्हणाले, "महिनाभर जाऊ द्या. टिकतील त्यांचीच नोंद करू."

"सर, नोंद पहिल्या दिवसापासून करावी लागते," मी म्हणाले. आणि त्याच दिवशी एकेकीला बोलावून घेतलं.

सातवी बाई तिशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. तिचा आधार नंबर टाकला तर ही व्यक्ती आधीच पीएफची सभासद असल्याचं दिसलं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं जुळत होतं. जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी. खाली नोकरी सुटल्याचं कारण: मृत्यू.

मी मान वर केली. ती समोरच्या खुर्चीत बसून पदरानं कपाळ पुसत होती.

"आधी कुठं कामाला होता?"

"कुठंच नाय मॅडम. पयल्यांदाच घर सोडलं."

नंबर मी तीनदा तपासला. मग तिला म्हटलं, "उद्या बघू." सरकारदरबारी तुम्ही मेलेल्या आहात, हे समोरच्या माणसाला कसं सांगतात, मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी त्या जुन्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या कारकुनानं नाव ऐकलं आणि लगेच म्हणाला, "त्या बाई वारल्या. आमच्याकडं मृत्यूचा दाखला आहे."

"त्या आज सकाळी माझ्यासमोर बसल्या होत्या."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं की तुमच्या नावानं कुणीतरी काम केलंय, आपण जाऊन बघू. शनिवारी दुपारी स्कूटीवर मागं बसवून तिला घेऊन गेले.

फाटकावरचा म्हातारा वॉचमन स्टुलावर बसला होता. तिला पाहून तो उठला आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागं सरकत गेला.

"बाई, तुम तो गुजर गए ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तो भिंतीपासून हलेना म्हणून फाटक मीच ढकललं.

आत लांब टेबलाशी बायका खोकी भरत होत्या. आधी एकीचे हात थांबले, मग सगळ्यांचे. सरकत्या पट्ट्यावरून खोकी पुढं जात राहिली आणि टोकाला जाऊन खाली पडू लागली, पण कुणी उचलेना. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर बाईनं हळूच हाक मारली. माझ्याबरोबर आलेल्या बाईचंच ते नाव.

"हं," हिनं नेहमीच्या सवयीनं ओ दिली.

टेबलाशी कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. ती वयस्कर बाई जवळ आली, हिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"गोंदण नाय," ती बाकीच्यांना म्हणाली. "ही ती नव्हं."

"हनुवटीवर?" हिनं विचारलं. "तीन ठिपके?"

"व्हय."

ही तिथंच खाली बसली. "माझी थोरली बहीण," ती म्हणाली.

मग सगळं कळलं. थोरली दीड वर्षानं मोठी. दोघींना लोक जुळ्या समजत. सासरचा जाच असह्य होऊन ती चार वर्षांपूर्वी माहेरी आली, दोन दिवस राहिली आणि निघून गेली. तिचे कागद सासरीच अडकले होते, म्हणून जाताना धाकटीच्या आधारची झेरॉक्स तिनं घेतली असणार. घरच्यांनी खूप शोधलं, पण त्यांनी शोधलं ते थोरलीच्या नावानं. ती शहरात धाकटीच्या नावानं राहत होती. मागच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. दवाखान्यात तेच नाव लागलं, दाखल्यावरही तेच. नात्याचं कुणी सापडेना, तेव्हा याच बायकांनी तिची माती केली.

कारकुनानं फाईल आणून दिली. विम्याच्या कार्डावर थोरलीचा फोटो आणि खाली धाकटीचं नाव. धाकटीनं फोटोवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत होतं. पुढच्या कागदावर ती थांबली. आपल्यामागं पीएफचे पैसे कुणाला द्यायचे, या रकान्यात थोरलीनं स्वतःच्या हातानं स्वतःचंच खरं नाव लिहिलं होतं. नातं: बहीण.

"या बहिणीला आम्ही पैशासाठी पत्र पाठवलं होतं," कारकून म्हणाला. "नुसतं नाव आणि गाव. त्या नावाचं गावात कुणी राहत नाही म्हणून परत आलं."

एवढ्या कागदांमधून त्या बाईनं आपलं नाव ठेवायला एकच जागा शोधली होती.

पुढचे सात महिने आम्ही कचेऱ्या पालथ्या घातल्या. प्रतिज्ञापत्रं, सरपंचाचा दाखला, दोन्ही कारखान्यांची पत्रं. एका टेबलावर जिवंत असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा ती म्हणाली, "हात लावून बघा की साहेब." कुणी हसलं नाही. आमचे मॅनेजर म्हणत होते, कशाला ही कटकट, काढून टाका तिला. मी तिला हजेरीपटावर ठेवली आणि नोंद का अडली आहे, ते पीएफच्या कचेरीला दर महिन्याला लेखी कळवत राहिले. शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर थोरलीचं नाव आलं, आणि धाकटीची नोंद झाली.

त्यानंतर दोघी बहिणींची आई एकदा शहरात आली. थोरली कुठं बसायची ते तिला बघायचं होतं. आम्ही तिघी त्या जुन्या कारखान्यात गेलो. वॉचमन या वेळी उठून उभा राहिला आणि त्यानं फाटक उघडलं. टेबलाशी त्या जागी आता दुसरी मुलगी काम करत होती. ती न सांगता उठली. म्हातारी तिथं बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत पट्ट्यावरून आलेलं खोकं ओढून भरायला लागली. शेजारची वयस्कर बाई तिच्यापुढं पुठ्ठे सरकवत राहिली. सुपरवायझर आला, बघून परत गेला. जेवणाच्या सुट्टीची घंटा होईपर्यंत ती भरत होती.