पंप मारून दिलेली परीक्षा

श्वासाच्या तपासणीला मी दम मोकळा करणारा औषधाचा पंप मारून गेलो. आदल्या रात्रीपासून पंप घ्यायचा नाही, असं ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी बजावलेलं. पण परीक्षा म्हटली की कसंही करून पास व्हायचं, एवढंच मला ठाऊक.

खोकला गणपतीपासून होता. त्याचं खापर मी आधी धुळीवर फोडलं, मग फोडणीवर, म्हणजे बायकोवर. पुढे अंघोळ करून अंग पुसेपर्यंत धाप लागायला लागली, तेव्हा तिनेच मला डोंबिवलीहून ठाण्याला नेलं. रंगाच्या कारखान्यात तोंडावर बांधायला दिलेल्या फडक्याने मी वर्षानुवर्षं घाम पुसला, हेही डॉक्टरांना तिनेच सांगितलं.

तपासणी करणारी मुलगी ओरडत होती, "फुंका काका, फुंका! सोडू नका, अजून, अजून!" डोळे बाहेर येईपर्यंत यंत्रात फुंकलं. मग तिने स्वतःकडचा पंप दिला, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दोन्ही आलेख अगदी जुळे भाऊ.

डॉक्टर म्हणाले, "पंपाने काहीच फरक नाही. नळ्या कायमच्या आकसल्यात असं दिसतंय. गेलं ते परत येणं कठीण."

घरी बायको माझ्याशी गोड बोलायला लागली. तेव्हा मी खरा घाबरलो. एकदा ती बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली, तर डोळे लाल. तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून खडवलीला जाऊ, तिथे जिना नसेल, असं फोनवर भावाला सांगत होती.

मग मात्र माझ्याच्याने राहवेना. "अगं, त्या सकाळी मी पंप घेतलेला."

तिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर भरपूर बोलले. पंपाचं काम आधीच झालेलं, मग त्यांच्या पंपाने फरक दिसणार कुठून?

पुन्हा तपासणी. ह्या वेळी पंपाशिवाय. गुडघ्यांवर हात टेकून बाकावर बसलेलो, नाव पुकारलं तरी 'हो' म्हणायला हवा पुरेना. पंपाआधीचा आलेख पार झोपला. पंपानंतरचा थोडा उठला. थोडाच.

"काही श्वास परत मिळेल," डॉक्टर म्हणाले. "सगळा नाही."

रिक्षात मी म्हटलं, "बघ, थोडा तरी वाचलो."

ती बाहेर बघत म्हणाली, "माझं रडून झालंय. आता खरंच गेलात, तर माझ्याकडून काही मिळणार नाही."