इमानाच्या नळीतली अक्षता

चुडाव्याच्या टेसनावरून माळाकडं जी गाडवाट जाती, तिच्या शेवटाला सूर्यभानाचं पत्र्याचं शेड व्हतं. त्या शेडात त्यानं सात वर्सं खपून इमान केलं. जत्रंतलं न्हाई बरं का बाळा, खरंखुरं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील असं, पांढरं, बगळ्यावानी निमुळतं. आन् पळायचं म्हंजी कसं! सकाळी न्हाऊन निघालेला सूर्यभान हैदराबादेतून मोटारीचा सुटा भाग घ्यायचा आन् दुपारच्या भाकरीला घरी असायचा. शेजारची धुरपताबाई कुडावरून म्हणायची, "सूर्यभानजी, येता येता बिस्किटं तरी आणा की. तुमाला काय, वर जायचं आन् खाली यायचं."

त्याची बायकू सत्यशीला हे ऐकायची आन् भाकरी थापायची. हसायची न्हाई, रागवायची न्हाई. तव्याला बोट लागलं तर बोट काढून घ्यायची, पण 'आय गं' म्हणायची न्हाई. दहा वर्सं झाली व्हती तिला असं व्हऊन.

सूर्यभान आधी हवाई दलात फिटर व्हता. इमानाचं पोट उघडायचं, दुरुस्त करायचं, झाकायचं, उडवायचं दुसऱ्यानं. लेक एकच, पंचफुला. हिंगणघाटला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आखाड सरला की तिला आणायचं ठरलेलं. सत्यशीलानं दुपटी-झबली शिवून ठिवली व्हती. सूर्यभान त्यासाठीच सुट्टी काढून आलेला. तर तार आली: पंचफुला आठव्यातच बाळंत झाली, मुलगी, तब्येत नाजूक, लवकर या.

साल अठ्ठ्याहत्तर. नामांतराचा ठराव झाला आन् मराठवाडा पेटला. गोरगरीब बौद्धांची घरं जाळली, पूल उखडले, यष्ट्या बंद, रेल्वे कवा सुटंल त्याची टेसनमास्तरला बी खबर न्हाई. दोघं नवरा-बायकू चुडाव्याच्या फलाटावर दीड दिवस बसले. मंग मुदखेडापातुर गाडी. तिथं पुन्यांदा बसणं. मंग आदिलाबाद, मंग एक मालट्रक, त्यात पैनगंगेच्या पुलावर पाणी. पोचले तवा सारं उरकलं व्हतं. अंगणात दोरीवर पंचफुलाचं लुगडं वाळत घातलेलं व्हतं, हिरवं. सत्यशीलानं त्याला हात लावून बगितला. वाळलं व्हतं. तिनं काढून त्याची घडी घातली.

रडली न्हाई. सुपात, कापसात गुंडाळलेली पोर व्हती, कस्तुरा. ती तिच्या मांडीवर दिली. तिनं घेतली. मागितली तवा परत दिली.

घरी येताना आदिलाबादच्या फलाटावर सूर्यभान बिडीच्या पुड्याच्या कागदावर रेघा मारत बसला. म्हणाला, "सरळ रेघंनं आलं असतं तर घंटा बी लागला नसता."

"कशानं?" सत्यशीलानं इचारलं.

तो आभाळाकडं बगत बसला. त्याच्या आदी तो तिला 'फुलाचे माय' अशी हाक मारायचा. त्या दिसापासून ती हाक बंद झाली. नुस्तं 'ए', न्हाईतर 'आयकायलीस का'.

पेन्शनीत आला तसं त्यानं अमेरिकेला पत्र धाडून इमानाचे नकाशे मागवले. लोकांला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. दिवसा लोकाच्या पाणी-मोटारी दुरुस्त करायचा, उरल्या येळंत इमान. काचेचं कापड असतंय, ते साच्यावर पसरायचं, वरून पातळ राळंवानी रसायन फिरवायचं, सुकलं की दुसरा थर. एकट्या माणसाचं काम न्हाई ते. सत्यशीला कापडाचं दुसरं टोक धरायची. ती काच कातडीत घुसायची, हातभर खाज सुटायची. सूर्यभान इचारायचा, "खाजवायलंय का गं?"

"असंल," म्हणायची.

हैदराबादच्या एका क्लबात जाऊन तो उडवायचं शिकला. दिल्लीचे कागद झाले, साहेब बगून गेला, आन् सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्या माळावरल्या मुरमाच्या पट्ट्यावरून इमान उठलं. सूर्यभान पयल्यांदा कुटं गेला असंल? हिंगणघाटला. तिथं एका गिरणीवाल्या शेटजीनं आपल्या इमानासाठी पट्टा केलेला व्हता, तिथं उतरला, नातीला भेटला, करदोड्यावर माप घेऊन आला की पोर केवढी झाली. जावयानं दुसरं लगीन केलेलं, पोरीला आजोळी धाडायचे न्हाईत. आन् सत्यशीलाचं पाऊल त्या रेल्वेच्या वाटंवर उचलतच नव्हतं. मुदखेडचं नाव काढलं तरी ती उठून जायची. इमानात बस म्हणलं तर म्हणायची, "पुढच्या खेपंला."

मंग अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याआदी कस्तुराचं कार्ड आलं. सूर्यभानानं वाचून दावलं. 'आजोबा येतात, मग आजी का येत नाही? माझ्या वर्गातल्या मुली म्हणतात, तुला आजीच नाही.'

सत्यशीला निसायला घेतलेलं सूप तसंच धरून बसली. म्हणाली, "दसऱ्याला जाऊ."

दहा वर्सांत तिनं आपणहून काई मागितलं असंल तर ते तेवढंच.

आता ती नळी काय व्हती ते आयका. इमानाच्या डाव्या पंखाखाली करंगळीयेवढी एक नळी फुडं तोंड करून व्हती. इमान पळायला लागलं की वारं त्या नळीत घुसतंय आन् आत बसलेल्या माणसाच्या फुडं काटा हालतंय, की येवढ्या जोरात पळायलाव. सूर्यभानानं तिला सांगून ठिवलेलं, "हे इमानाचं नाक. बाकी सगळं बिघडलं तर मी भागवीन, पर हे बंद पडलं की मी आंधळा. हळू झालं तर दगडावानी खाली पडतंय, जोरात आलं तर पट्ट्यात थांबत न्हाई. लय पळणारं जनावर हाय हे." कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करती म्हणून सत्यशीलानं खणाच्या तुकड्याची लाल खोळ शिवली व्हती. रोज सांजंला ती खोळ चढवायची, सकाळी काढायची. ते काम तिचं. कुणाला हात लावू द्यायची न्हाई.

खंडेनवमीला आपल्यात हत्याराची पूजा असती. इळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, शिवणयंत्र, सगळं धुऊन मांडायचं आन् ज्या हत्याराचं जे तोंड, त्याला ओलं हळद-कुंकू लावून वर अक्षता चिकटवायच्या. फाळाचं टोक, इळ्याची धार, यंत्राची सुई. इमान तर घरातलं सगळ्यात मोठं हत्यार. धुरपताबाई ताट धरून हुबी. सत्यशीलानं पंख्याला लावलं, चाकाला लावलं, मंग डाव्या पंखाखाली वाकली. खोळ काढली. नाक हाय, उद्या नातीपातुर न्हेणार हाय, म्हणून इतरांपेक्षा जरा जास्तच लावलं. बोटानं दाबून लावलं. वर अक्षता. एक दाणा त्या भोकात नेमका जाऊन बसला. तिनं बगितला. तिला वाटलं, बरं झालं, पडायचा न्हाई.

घंटाभरात ऊन लागून सारं वाळलं.

उद्याच्या आदी एक चक्कर मारून येतो म्हणून सूर्यभान बसला. निघायच्या आदी इमानाला सगळीकडून फिरून बगायची त्याची रीत व्हती, पर पूजा झालेली, लोक जमलेले, हार घातलेले, आन् नाकाची निगा सत्यशीलाकडं. त्यानं नुस्ती खोळ निघालीय का ते बगितलं. निघाली व्हती. इमान पळालं, उठलं. काटा हाललाच न्हाई. ध्यानात आलं तवा पट्टा संपला व्हता.

खाली लोक टाळ्या वाजवायले. इमान माळावरून फिरलं. आलं, उतरतंय म्हणंपर्यंत पुन्हा वर गेलं. दुसरी फेरी. तिसरी.

"देवीला परदक्षिणा घालायलेत वाटतं," धुरपताबाई म्हणाली. "पाच घालतील बगा."

सत्यशीला मोजत व्हती. तिला ठाऊक व्हतं, हा माणूस एका फेरीत उतरतो. चौथ्या फेरीला तिनं आपल्या हाताकडं बगितलं. उजव्या अंगठ्याला अन् बोटाला कुंकू वाळून बसलेलं. तिला एकदम सगळं समजलं, सूर्यभानाचं बोलणं शब्दाला शब्द आठवलं. ती पळाली न्हाई, वरडली न्हाई. वरडून वर आयकू जाणार व्हतं का? ताट खाली ठिवून ती बोटं लुगड्याला पुसत राह्यली. पुसत राह्यली.

सहाव्या फेरीला तो खाली आला. पडण्याच्या भ्यावानं जोरात आला. अर्धा पट्टा मागं गेल्यावर चाकं टेकली. इमान थांबंना. पट्टा संपला, बांध गेला, इमान तुरीच्या वावरात घुसलं. पांढरा पंख तुरीच्या वर तेवढा दिसायला.

सूर्यभानाचा डावा पाय मोडला. इमानाचं एक चाक, पंखा आन् पोटाखालचं सगळं गेलं. लोकांनी त्याला बाजंवर घातलं तर तो म्हणाला, "थांबा. आदी मला त्या पंखाजवळ न्या." बाज तिकडं न्हेली. त्यानं नळीला हात लावला, काई कोरून काढलं, खिशात घातलं. मंग म्हणाला, "चला."

पंधरा दिसांनी इमान-खात्याचा साहेब आला. बाजंवरल्या सूर्यभानाला इचारलं, "नळी कशानं बंद झाली?"

"कुंभारीण माशीनं घर केलं, साहेब. मी बगितलं न्हाई. चूक माझी."

सत्यशीला चा घेऊन दारात हुबी व्हती. साहेबानं लिहून घेतलं. तिनं चा ठिवला.

दुसऱ्या दिशी कापडं धुताना तिला त्याच्या त्या सदऱ्याच्या खिशात दाणा घावला. लाल, एकच. तिनं तो धुतला न्हाई. खिळे-नटांच्या डबीत टाकला, जिथं त्याला दिसंल. त्याला दिसला असंल.

बाळा, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. तो म्हणायचा, "ए, पाणी दे." ती द्यायची. कस्तुराला कार्ड गेलं की इमान बिघडलंय, आजी नंतर येईल. पोरीचं उलट कार्ड आलं न्हाई.

पाच वर्सं लागली. लंगडत लंगडत त्यानं पुन्यांदा सगळं जोडलं. काचेच्या कापडाचं दुसरं टोक सत्यशीलानंच धरलं. सांजंला खोळ चढवायची येळ आली की ती मात्र घरात निघून जायची. खोळ त्यालाच घालावी लागायची. चार खंडेनवम्या आल्या, तिनं इळा पूजला, फाळ पूजला, शेडाकडं गेली न्हाई.

त्र्याण्णवला, किल्लारी हादरली त्या साली, इमान पुन्हा उडालं. नवमीच्या सकाळी सूर्यभान काठी टेकत चुलीपाशी आला.

"ताट कर. इमान राह्यलंय."

"तुमीच लावा."

"मला काय कळतंय त्यातलं? चल."

ती ताट घेऊन गेली. पंख्याला लावलं. चाकाला लावलं. डाव्या पंखाकडं जायना, हुबीच. सूर्यभानानं खिशातून ती जुनी लाल अक्षता काढली, तिच्या ताटात ठिवली. मंग काठीनं पंखाच्या वरल्या बाजूला दावलं, नळीपासून हातभर मागं.

"हितं लाव, फुलाचे माय. हितं लावलेलं चालतंय."

पंधरा वर्सांनी आयकली ती हाक. तिनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आन् त्यानं दावलं तितं लावलं. वर तोच दाणा चिकटवला. मंग नळीची खोळ काढली, खाली वाकून भोकाला डोळा लावून बगितलं, फुंकून बगितलं. "मोकळी हाय," म्हणाली.

दसऱ्याला सकाळी ती इमानात बसली. मांडीवर पिशवी. माळ खाली गेला, टेसन आगपेटीयेवढं झालं. तिला भ्या वाटलं न्हाई, आनंद बी झाला न्हाई. नुस्ती बगत व्हती. काई येळानं खाली एक नदी आली, वाकडीतिकडी.

"ही कोणती?" ती त्याच्या कानात वरडली.

"पैनगंगा!"

"येवढीच?"

सूर्यभान फुडं बगत राह्यला. नदी मागं गेली सुद्धा.

शेटजीच्या पट्ट्याच्या कडंला कस्तुरा हुबी व्हती. पंधरा वर्सांची, दोन येण्या, कपाळ पंचफुलाचं. इमान थांबलं तशी आली, पाया पडली, मंग हात धरला आन् म्हणाली, "आजी, तुहे हात किती गार आहेत वं."

"वर थंडी व्हती," सत्यशीला म्हणाली. पोरीच्या हातावर आपट्याचं पान ठिवलं. मंग काय बोलायचं ते तिला सुचंना, म्हणून तिनं पिशवीतून ते हिरवं लुगडं काढलं, पंधरा वर्सांची घडी तशीच, आन् दिलं. कस्तुरानं तितंच घडी मोडली. वारं लागून पदर उडाला.

"पंख्यापासून लांब! लांब!" सूर्यभान काठी उगारून वरडला.

पोर हसत बाजूला झाली. लुगडं अंगाला लावून बगितलं. "आजी, हे मले लांब होते का वं?"

"आण हिकडं," सत्यशीला म्हणाली आन् तिच्या फुडं खाली बसली. "हुबी राहा नीट. निऱ्या घालते."