माझा आवाज त्यांच्या फोनात

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, ताडकळसला आमच्या गल्लीतल्या मंदिरात. परभणीच्या कॉलेजातली एक पोरगी आलती. बायांवर अभ्यास करून मोठी डिग्री घ्यायलेली. हळदीकुंकू तिनंच ठेवलं, म्हणजे बाया आपसूक गोळा होतात. करंडा घेऊन ती ओळीनं आली. तिचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं आन् माझी जाऊ बोलली, "तिला नको. तिचा मालक वारलाय."

बोट मागं गेलं. पोरीचं तोंड खुललं. "बरं झालं. विधवा कमीच पडत होत्या आम्हाला."

कमी पडत होत्या. पंगतीत पत्रावळ्या कमी पडाव्या तशा.

मला उठवून भिंतीकडं बसवलं. मी ठेवणीतली साडी नेसून गेलते. निरोपच तसा होता, समद्या बायांनी यावं म्हणून. मालक गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कुणी बोलवलं न्हवतं. मला वाटलं, शिकलेली पोरगी हाय, ही पाळत नसंल असलं काही. येडी मी.

माझ्याबी हातात वाण पडलं, स्टीलची वाटी. वाण घेतलं आन् लगेच उठून गेलं तर बाई माजली म्हणतात आमच्यात. त्या पोरीनं वाण आधी वाटलं, सवाल मागून काढले.

पहिल्यांदा सोपं सोपं. शाळा किती शिकला, शिवणकामावर भागतं का. मग समद्यांच्या देखत, "नवरा नाही, तर शरीराची इच्छा होते का? लाजू नका, इथं सगळ्या बायकाच आहेत."

सासू तिथंच बसलेली. जाऊ होती. ज्यांचे ब्लाउज मी शिवते त्या होत्या. न्हाई म्हणले असते तर सुटले असते. पण मला काय होतं, काय न्हाई, हे तवर कुणी विचारलंच न्हवतं. तिच्या आवाजात माया होती, निदान मला तसं वाटलं. मी बोलले, "होते की. माणूसच हाय मी."

मग हशा. सासू पदर सावरत उठून घरी गेली.

पुढच्या बाजारी मी भाजी घ्यायलेले. मागून एका गड्याचा आवाज आला, "माणूसच हाय मी." माझंच वाक्य, बायांच्या तोंडून घरोघर गेलेलं. त्याच्या संगटचे खिदळले. भाजी तशीच टाकून घरी आले. तोंड धुतलं, परत धुतलं. लय किळस आली मला माझी. वाटलं, जीभ झडली असती तर बरं. सासू बोलायची न्हाई, ताट सरकवून द्यायची. ब्लाउज घ्यायला आलेल्या बाया गालातल्या गालात हसायच्या. मी मान वर करून माप घ्यायचं सोडून दिलं.

उन्हाळ्यात ती पोरगी परत आली, तिच्या सरांना घेऊन, कारमधी. मी चहा ठेवला. पोरगी म्हणली, "तुमचं उत्तर फार धीट होतं. माझ्या प्रबंधात तेच मुख्य आहे. आमच्या परिषदेत ऐकवणार आहोत. तुम्हीही या."

"ऐकवणार म्हंजे?"

तिनं फोन काढला आन् लावलं. आवाज भरून घेतला हे मला कुणी सांगितलं न्हवतं. माझ्याच घरात, सासूपुढं, मी बोलायलेले. होते की, माणूसच हाय मी. मग हशा. फोन त्या दिवशी तिच्या मांडीवर होता, म्हणून एक हसू लय जवळून आलं. दाबलेलं. ते माझ्या जावंचं न्हवतं, गल्लीतल्या कुठल्याच बाईचं न्हवतं. ते त्या पोरीचं होतं.

"परत लावा," मी म्हणले.

तिनं लावलं न्हाई. कान लाल झाले तिचे.

खरं बोलले मी. हसली ही. आन् तोंड लपवत फिरायलं कोण? मी. डोकं सणकलं माझं.

"डिलीट करा ते."

सर मधी पडले. "बाई, नाव कुठंच येणार नाही. 'ताडकळसची शिवणकाम करणारी तरुण विधवा', एवढंच लिहिलंय."

"सर, तशी मी एकलीच हाय इथं."

"पण ते कॉलेजच्या कॉम्प्युटरवर गेलंय आता. आणि संशोधनासाठी थोडं..."

"तुमच्या घरच्या बाईला विचारलं असतं का हे, गल्ली गोळा करून?"

सरांनी कप खाली ठेवला. पोरीनं फोनमधलं काढलं, मला दाखवून काढलं. कॉम्प्युटरचं बघू म्हणले आन् घाईनं निघाले.

दारात सासू पहिल्यांदा बोलली. "आता गप बस. अजून बोभाटा होईल."

"होऊ द्या, आत्याबाई. झालाच हाय."

उद्याच्या एसटीनं मी परभणीला जायलेय. लाज गेली न्हाई माझी. आता हे सांगतानाबी अंग चोरायलेय मी. पण सरांच्या वरच्या साहेबापुढं उभी राहणार, न विचारता माझा आवाज नेला म्हणून सांगणार. परिषदेत जाऊन बसायची पाळी आली तर तिथंबी जाईन आन् कोण हसलं ते सांगीन. मला होतं ते होतं. ते कुणाला सांगायचं, हे हितून पुढं मी ठरवीन. त्या कॉम्प्युटरमधून माझा आवाज निघाल्याबिगर मी परत यायची न्हाई.