दुसऱ्याचा धुरा

भंडाऱ्याच्या माझ्या वहिनीनं, म्हणजे चुलतभावाच्या बायकोनं, मदत केली नसती तर मी आयुष्यात एकही गोष्ट शेवटास नेली नसती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी स्वतःचंच कौतुक करत सुटण्याचा धोका आहे.

गोष्ट मोबाइलवरच्या एका गेमची. कोडं सुटलं की कथा पुढं सरकायची. हरवलेल्या बापाला एक मुलगी गावोगाव शोधते, अशी कथा. आधीचे भाग मी आमच्या गावी, एकोडीला, धानाची राखण करता करता संपवले. डुकरांनाही माझ्या राखणीबद्दल काही तक्रार नव्हती.

शेवटचा भाग आला तो नेमका मी पुण्याकडच्या कारखान्यात निघायच्या आठवड्यात. गाडीसाठी भंडाऱ्याला भावाकडे येऊन थांबलो होतो. शाळा नववीत सोडलेली, मग गॅरेज सोडलं, मग शिवणकाम. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमचे निम्मे सोयरे तिकडे गेले. टोमणे मारणारे मात्र सगळे इकडेच उरले. भाऊ त्यांचा म्होरक्या. "हा कारखानाही अर्ध्यातच सोडजो," तो म्हणाला. गेम तरी पुरा करून जायचं, एवढंच मी ठरवलं.

शेवटच्या कोड्यात बाप खालच्या गिरणीत कोंडलेला. वरच्या तलावाचं पाणी गिरणीच्या चाकापर्यंत नेलं की दार उघडणार. पाणी शेताशेतातून फिरून एका म्हाताऱ्याच्या धानाच्या बांधीपाशी येऊन अडायचं. मध्ये त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. मुलीच्या हातात फावडं होतं, ते काही शोभेला दिलेलं नव्हतं. पण दुसऱ्याचा धुरा फोडायचा? आमच्याकडे त्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत. मी पडलो सज्जन. बाप कोंडलेला राहिला तरी चालेल, शेजाऱ्याशी भांडण नको. म्हणून पाणी नुसतं इकडून तिकडं फिरवत बसलो.

"भाऊजी, अजून तिथंच?" वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली.

"धुरा आडवा आहे."

"मग फोडा ना!"

"दुसऱ्याचा आहे, वहिनी."

"मोबाइलातल्या म्हाताऱ्यानं केस केली तर तुमचे दादा जमानत देतीन."

"मी काहून देऊ?" भाऊ पेपरामागून बोलला. "यानं शाळा सोडली तेव्हा मले विचारलं होतं काय?"

वहिनी हात पुसत जवळ बसली. "त्या म्हाताऱ्याले विचारलं काय तुम्ही?"

विचारायचं? आमच्या गावात धुरा एकतर पहाटे गुपचूप फोडतात, नाहीतर जन्मभर फोडत नाहीत. विचारायची पद्धतच नाही. शिवाय म्हातारा बोलायचा इंग्रजीत, आणि इंग्रजीशी माझं शाळेतच फाटलेलं. कथा चित्रांवरून कळायची, म्हणून त्याचं बोलणं मी न वाचताच पुढं ढकलत आलो होतो.

वहिनीनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि वाचून आपल्या बोलीत सांगितलं, "म्हणते, पोरी, माझं शेत तर पडीत आहे. कोणी विचारन म्हणूनच बसून राहिलो. फोड."

फोडला. पाणी धावलं, चाक फिरलं, बाप बाहेर आला. तो मुलीला काहीतरी म्हणाला आणि वाचता वाचता वहिनी थांबली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आता तू जा. घराचं मी पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझी गाडी होती.

"रडून राहिला काय बे?" भाऊ म्हणाला.

"कांद्यानं."

"कांदा तर अजून मी चिरलाच नाही," वहिनी म्हणाली. अशा वेळी खरं बोलायची तिला फार हौस.

आता इथं इतक्या लांब, मशीनवर काही समजलं नाही की मशीन थांबवतो. जाऊन विचारतो. सुपरवायझर कपाळाला हात लावतो, पण सांगतो. अजून तरी मी काही सोडून पळालेलो नाही, याचा सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला आहे.

वहिनीचं हे मी फेडणार. पगार जरा बरा झाला, खोली जरा माणसात आली, की तिला इथं बोलावीन आणि ती असेपर्यंत पाण्याचा पेलासुद्धा उचलू देणार नाही. भावालाही आणीन, भांडी घासायला.