सिस्टरची पदवी आणि मशीनवाल्याचा गाळा

"पूर्ण मिनिट मोजा," हे सिस्टरचं कायमचं वाक्य. शिकाऊ पोरी पंधरा सेकंद नाडी मोजून आकड्याला चारने गुणायच्या, तेव्हा ही मागून म्हणायची, "पूर्ण मिनिट मोजा गं. काळीज काही पाढे पाठ करून धडधडत नाही."

सगळी आळी तिला सिस्टर म्हणे आणि तिच्या नवऱ्याला मशीनवाला. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याचं दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक बसलं की त्याला उभं राहावं लागे. पण त्या दुकानाला सकाळचं ऊन होतं, तेलाचा वास होता, आणि भिंतीवर एकेका खिळ्याला एकेक पट्टा टांगलेला होता. अठरा वर्षं त्यानं भाडं भरलं होतं. आता मालकाने गाळा विकायला काढला होता आणि बयाण्याला दोन लाख मागत होता. बँकेत दोघांचे मिळून दोन लाख वीस हजार होते.

नेमकी त्याच महिन्यात रुग्णालयात नोटीस लागली. यापुढे वॉर्डाची प्रमुख पदवीवालीच होणार. सिस्टरकडे होता डिप्लोमा, बावीस वर्षांपूर्वीचा.

दुपारची सुट्टी झाल्यावर ती दुकानात आली आणि मशीनच्या फळीवर एक कागद पसरला.

"अहो, हात पुसा आधी. तेल लागेल."

"काय आहे?"

"ऑनलाइन पदवी. दोन वर्षं. तासिका फोनवर, रविवारी दुसऱ्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम. फी एक लाख साठ हजार. अभ्यासासाठी रात्रपाळ्या सोडाव्या लागतील, तो भत्ता बुडणार अठ्ठेचाळीस हजार. पुस्तकं, जाणं-येणं बारा. झाले दोन वीस."

मशीनवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. आकडा त्याच्या ओळखीचा होता.

"पण पगार महिना नऊ हजारांनी वाढतो," ती घाईने म्हणाली. "शेजारच्या वॉर्डातल्या एका धाकट्या नर्सने पदवी केली, तिची पगाराची चिठ्ठी बघून आले. दोन वर्षांत सगळे पैसे परत."

"ती चिठ्ठी कुठंय?"

तिने फोनमधला फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. सुईचं नेढं पाहणारा माणूस, त्याला बारीक अक्षरांचं भय नव्हतं. एकेका ओळीवर बोट ठेवत तो खाली गेला आणि एका ओळीवर थांबला.

त्याला दिसलं ते त्याच्या फायद्याचं होतं. म्हणूनच बोलायला त्याला जड गेलं.

"अगं, हे बघ. मागच्या महिन्यांचा फरक, पाच हजार. तो या एकाच महिन्यात आलाय. खरी वाढ चारच हजारांची."

सिस्टरने फोन ओढून घेतला. वाचलं. परत वाचलं.

"म्हणजे मी पंधरा सेकंद मोजले," ती म्हणाली.

"आणि गुणलेसही झक्कास."

"हसताय काय? शिकाऊ पोरीने असं केलं असतं, तर तिला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं असतं मी." तिने कागदाची घडी घातली. "राहू द्या. तुम्ही गाळा घ्या. पंचेचाळीस वय झालंय माझं, पदवी काय डोक्याला बांधायचीय?"

ती उठली. मशीनवाल्याने कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि पेन्सिलीने मागच्या कोऱ्या बाजूवर मांडायला लागला. दोन लाख वीस भागिले चार. पंचावन्न महिने. निवृत्ती अठ्ठावन्नला. पदवी सत्तेचाळिसाव्या वर्षी. मध्ये अकरा वर्षं.

"पंचावन्न महिन्यांत पैसे वसूल, त्यापुढे सत्त्याहत्तर महिने निव्वळ तुझे. तीन लाख आठ हजार. श्रीमंत नाही होणार, पण तोटाही नाही."

"आणि गाळा?"

"दुसरा कुणी मालक होईल. भाडं मी त्यालाही देईन. त्यानं नाही म्हटलं, तर पेटी उचलून घरोघर जाईन. मशिनं काही माझ्या दुकानातच बिघडत नाहीत."

हे बोलताना त्याने भिंतीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं नाही. सिस्टरने ते पाहिलं.

"नापास झाले तर?"

"तर इथं ये. दोरे ओवायला माणूस हवाच आहे मला. पगार नाही, चहा मिळेल."

"चहासुद्धा मीच करणार ना?"

"ते आलंच."

फी चार हप्त्यांत भरायची सोय निघाली. पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात गाळा एका भांडीवाल्याने घेतला. भाडं चारशेने वाढलं. मशीनवाल्याने घासाघीस केली नाही.

पहिल्या रविवारी सिस्टर दुकानावरून निघाली. गळ्यात विद्यार्थिनीचं ओळखपत्र, त्यावरच्या फोटोत तिचे कानशिलावरचे पांढरे केस स्पष्ट. "येते हो," एवढंच म्हणाली. कोपऱ्यावर दोन कॉलेजच्या पोरी भेटल्या, त्याही तिकडेच निघालेल्या. एकीने तिला मॅडम समजून नमस्कार केला. सिस्टरने ओळखपत्र उचलून दाखवलं, तिघी हसल्या आणि चालायला लागल्या. मधली जरा सावकाश, टाचा दुखत असल्यासारखी.

"अहो, माझं मशीन?" दारातलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारत होतं. मशीनवाला हातात स्क्रू ड्रायव्हर धरून पायरीवर उभा होता आणि तिघींतली मधली वळणाआड जाईपर्यंत बघत होता.